शाकारणी आणि सारवण : महाराष्ट्रातील घरदुरुस्तीचा इतिहास

पावसाळ्याआधी छप्पर शाकारणे आणि पावसाळा सरल्यावर भुई-भिंती नव्याने लिंपणे ही महाराष्ट्रातील घरदुरुस्तीची दोन मोठी कामे होती. गवंडी आणि सुतार घर उभे करून देत. त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्या ते उभे ठेवणे हे घरच्या माणसांचे काम असे. माती, गवत, बांबू, शेण, नळे हे सगळे साहित्य लवकर झिजणारे, पण गावाच्या शिवारातच पुन्हा मिळणारे होते. म्हणून दुरुस्ती ही काही मोडल्यावर करायची गोष्ट नव्हती. शेतीच्या दोन हंगामांमधल्या मोकळ्या दिवसांत ती बसवलेली होती आणि घराची रचनाही ती दरवर्षी होणार असे धरूनच केलेली असे. विसाव्या शतकात कारखान्यात तयार झालेले साहित्य आले, तेव्हा बदल केवळ साहित्यात झाला नाही. घर नीट ठेवण्याचे ज्ञान घराबाहेर गेले.

या कामाच्या खुणा फार मागे जातात. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ ते १९८२ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तिथे इ.स.पू. १६०० ते ७०० या दरम्यानची शेतकऱ्यांची वस्ती मिळाली. घरांच्या भिंती ठेंगण्या, कुडाच्या आणि मातीने लिंपलेल्या होत्या, वर गवताचे छप्पर होते. इनामगाव काय किंवा प्रवरेकाठचे नेवासे काय, अशा वस्त्यांच्या उत्खननात एकाच घरात एकावर एक केलेल्या जमिनींचे थर दिसतात. जुनी भुई उखडली की तिच्यावर नवी चोपायची, तीही खराब झाली की आणखी एक. राजांची नावे कोरलेल्या शिलालेखांच्या कितीतरी आधी घरातल्या माणसांनी आपल्या कामाची नोंद या थरांत करून ठेवली आहे.

देशावरच्या गावात जमिनीचे दोन भाग मानले जात : पिकणारी ती काळी आणि वसलेली ती पांढरी. पांढरी म्हणजे शतकानुशतके घरे पडून, पुन्हा उभी राहून साचलेल्या मातीचे उंचवटे. नव्या भिंतीसाठी, लिंपणासाठी माती लागली की ती पांढरीतूनच खणून आणत. एका घराची पडलेली भिंत दुसऱ्या घराच्या भिंतीत जाई. मराठवाडा, सोलापूर आणि खानदेशच्या कमी पावसाच्या पट्ट्यात छप्परही मातीचेच असे. खानदेशात त्याला धाबे म्हणत, मराठवाड्यात माळवद. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि किलचा, त्यावर पालापाचोळा किंवा चिपाडे आणि सगळ्यात वर मातीचा जाड थर अशी ही बांधणी. घराचे माप खणांत सांगत. उन्हाळ्यात आतली हवा थंड राही. माळवदावर धान्य, मिरच्या वाळत आणि रात्री घर झोपायला वर जाई.

या मातीच्या छपरातून वर्षाला ६०० ते ८०० मिलिमीटर पाऊस गळत नसे, याचे कारण वरच्या थराच्या मातीत होते. जाणती माणसे त्यासाठी खारी माती शोधून आणत. क्षार असलेल्या या मातीचे बारीक कण पाण्याने फुगतात आणि मधली छिद्रे बुजवतात, त्यामुळे पाणी आत न मुरता उतारावरून वाहून जाते. रोहिणीचे दिवस आले की माळवदावर चढून भेगा पाहायच्या, उगवलेले गवत मुळासकट उपटायचे, उंदरांची बिळे ठेचायची, नवी खारी माती पसरून तुडवायची आणि पन्हाळ साफ करायची हे घरच्या पुरुषांचे ठरलेले काम. पावसाळ्यात मध्येच थेंब पडू लागला तर भर पावसात वर जाऊन त्या जागी पायाने माती दाबून यायचे. यात एक धोका हळूहळू वाढत होता. जुनी माती खाली न काढता दरवर्षी नवी टाकत गेल्याने थर जाड होत राही. त्याचे परिणाम पुढे १९९३ च्या भूकंपात दिसले.

कोकणात प्रश्न निराळा होता. अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो, तिथे सपाट छपराची गोष्टच नको. उतरती पाखी, लांब वळचण आणि भिंतीला झड लागू नये म्हणून पावसाळ्यापुरते बाहेरून बांधलेले माडाचे झाप, अशी तिथली व्यवस्था. सामान्य घर गवताचे किंवा भाताच्या पेंढ्याचे असे. कुडाच्या भिंतीसाठी सह्याद्रीच्या उतारावर वाढणारी कारवी हे उत्तम साहित्य होते. तिच्या सरळ काठ्या एकमेकींशेजारी बांधून दोन्ही अंगांनी शेण-माती लिंपली की भिंत तयार. गवताचे छप्पर दर वर्षा-दोन वर्षांनी बदलावे लागे आणि आगीची भीती कायमची. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूण भागात मुक्काम केलेल्या आपल्या जुमलेदार-कारकुनांना पाठवलेल्या पत्रात या भीतीचे नेमके वर्णन आहे. रात्री घरात दिवा राहिला तर उंदीर पेटती वात पळवील, आग लागेल, पावसाळ्यासाठी साठवलेले गवत आणि दाणा जळून जाईल आणि घोडी मरतील, असा इशारा त्यांनी दिला. राज्यकारभाराच्या पत्रात गवताच्या छपराखालच्या रोजच्या जगण्याची इतकी बारीक जाण क्वचितच सापडते.

ज्यांना परवडे ते नळे घालत. नळा म्हणजे कुंभाराने चाकावर काढलेली नळी उभी चिरून झालेले अर्धगोल कौल. नळ्यांची एक रांग उताणी बसे, तिच्यातून पाणी वाहे. दोन उताण्या रांगांमधली फट पालथी रांग झाकून टाकी. यात खिळा नाही, खोबण नाही, सगळे केवळ वजनावर आणि उतारावर टिकलेले. वर्षभरात वानरांच्या उड्या, मांजरांची धावपळ, वाऱ्याचे झोत आणि वरून पडणारे आंबे-नारळ यांनी नळे सरकत, फुटत, त्यांच्या पन्हळीत पाला साचे. म्हणून दर वैशाख-ज्येष्ठात, मृग लागण्यापूर्वी, छप्पर शाकारणे भाग असे.

शाकारणीला घरचे सगळे लागत. पायाखाली वासा येईल असे पाऊल टाकत एक-दोन जाणकार पाख्यावर चढत. एका पट्ट्यातले नळे काढून खाली हातोहात दिले जात. खाली बायका-मुले ते झाडून, फुटके वेगळे करून, चांगल्यांच्या चळती लावत. वर उघड्या पडलेल्या रिपा आणि बांबू तपासायचे, भुंग्याने पोखरलेले बदलायचे, सुंभाची किंवा वेलींची बांधणी सैल झाली असेल तर पुन्हा आवळायची. मग वळचणीपासून आढ्याकडे नळे परत चढवत न्यायचे. वरचा नळा खालच्यावर किती चढला पाहिजे, हा अंदाज हातालाच असे. चढावा कमी झाला की वाऱ्याने पाणी उलटे शिरते. जास्त झाला की नळे पुरत नाहीत. शेवटी आढ्यावरची कौले चुन्यात किंवा चिकणमातीत बसवली की काम संपे. घर मोठे असेल तर वाडीतले लोक घरटी एक माणूस देत आणि ज्याचे घर तो सगळ्यांना जेवू घाली. गिरणी-कारखान्यांसाठी मुंबईला गेलेले चाकरमानी मे महिन्यात गावी येत, तेव्हा त्यांच्याही रजेतले चार दिवस छपरावर जात.

चुलीचा धूर या छपराचा मोठा रक्षक होता. नळ्यांच्या फटींतून तो बाहेर पडे आणि जाता जाता वासे-रिपांवर काजळीचा थर चढवी. असे काळे पडलेले लाकूड कीड सहसा खात नाही. ज्या घरांत पुढे चूल बंद झाली, तिथे छपराचे लाकूड पूर्वीपेक्षा लवकर किडते असा अनेक गावांचा अनुभव आहे.

छप्पर पुरुषांचे, तर भुई आणि भिंती बायकांच्या होत्या. तासांचा हिशेब केला तर घरदुरुस्तीतला मोठा वाटा त्यांचाच ठरेल. पावसाळ्यात ओल धरून भुई जागोजाग उखडे. दसऱ्याच्या किंवा दिवाळीच्या आधी ती खणून, मुरूम आणि माती घालून, पाणी शिंपडून धुमसाने ठोकत. ओल असतानाच चोपण्याने बडवून तिला सपाटी आणत. वरून शेणाचे हात फिरत. शेण पातळ झाले तर खालची माती उघडी राहते आणि घट्ट झाले तर वाळल्यावर पोपडे सुटतात. कोपऱ्यातून सुरुवात करून, हात अर्धगोल फिरवत, मागे मागे दाराकडे सरकत खोली पुरी करायची. शेणातले गवताचे तंतू मातीला धरून ठेवतात, बारीक भेगा बुजतात आणि धूळ बसते. नव्या भुईला अशी दोन-तीन सारवणे लागत. पुढे आठवड्याला आणि सणावाराला एक. काही घरांत रंग गडद यावा म्हणून शेणात कोळशाची पूड कालवत. टॉर्च वापरात आल्यावर कोकणात जुन्या सेलमधली काळी पूडही त्यात जाऊ लागली. हाताशी आलेली नवी वस्तू जुन्या कामात कशी बसवावी, हे त्या बायकांना कोणी शिकवले नव्हते.

भिंतींना पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा पोतेरा, खाली गेरूचा किंवा कावेचा पट्टा, चुलीला रोज सकाळी शेण-मातीचा हात, तुळशीवृंदावनाला सणापूर्वी लिंपण, अशी ही कामे वर्षभर चालत. ठाणे-पालघरच्या वारली घरांत लग्न निघाले की कुडाची भिंत शेणाने आणि गेरूने नवी करून तिच्यावर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. आज कागदावर आणि कापडावर जगभर जाणारी वारली चित्रकला या लिंपलेल्या भिंतीवर वाढली.

गावगाड्यात सुतार, लोहार आणि कुंभार हे बलुतेदार होते, तरी घराची रोजची डागडुजी बलुत्यात फारशी येत नसे. सुताराचे बलुते मुख्यतः नांगर, कुळव, पाभर यांच्या दुरुस्तीसाठी; नव्या घराच्या कामाचा मोबदला वेगळा ठरे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या देण्याघेण्याचा तपशील आहे. सारवणाला आणि लिंपणाला मात्र कोणत्याच हिशेबात मोल नव्हते. जातीची उतरंड इथेही होती. गावकुसाची आणि चावडीची डागडुजी ही महारांवर लादलेल्या कामांपैकी एक होती, आणि ज्या गावाच्या भिंती ते सांभाळत त्या गावाच्या आत त्यांचे घर नसे. स्वतःच्या वस्तीत त्यांना सुतार-गवंड्याचे हात सहसा मिळत नसत. घर बांधणे आणि दुरुस्त करणे दोन्ही त्यांनी स्वतःच केले. आपले घर आपण सांभाळणे ही काहींची रीत होती, तर काहींवर लादलेली गरज.

श्रीमंतांच्या वाड्यांचे गणित वेगळे. दगडी जोते, पक्क्या विटांच्या भिंती आणि चुन्याचा गिलावा हे कसबी लोकांचे काम होते. चुना बरेच दिवस भिजवून बैलाच्या घाणीत मळत. गूळ, बेलफळाचा गर, ताग असे जिन्नस त्यात घालत. घाणीची गोल चर आणि तिचे दगडी चाक अनेक किल्ल्यांवर अजून दिसते. पण वाडा चुन्याचा असला तरी त्याचे छप्पर नळ्यांचेच, आणि ते शाकारावेच लागे.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का मंगळुरातून मिळाला. बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने १८६५ मध्ये मंगळुराजवळ जेप्पू येथे यंत्रावर दाबून कौले काढण्याचा कारखाना सुरू केला. फ्रान्समधल्या अल्सास भागात जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये एकमेकांत अडकणारे कौल शोधले होते, त्याच धर्तीचे हे कौल होते. नेत्रावती आणि गुरुपूर या नद्यांच्या काठची चिकणमाती त्याला अगदी योग्य ठरली. चपट्या कौलाच्या कडेला खोबण, पाठीला रिपेवर अडकायला उंचवटा. एका चौरस मीटरला साधारण १५ कौले पुरत. नळ्यांच्या मानाने छप्पर हलके झाले, वासे कमी लागू लागले आणि वानरांनी उड्या मारल्या तरी कौल सहज सरकेना. समुद्रमार्गे ही कौले कोकणच्या बंदरांत आणि मुंबईत येऊ लागली. मंगलोरी कौलांचे घर ही ऐपतीची खूण बनली. शाकारणी थांबली नाही, पण दरवर्षीची ती चार-पाच वर्षांवर गेली, मधल्या काळात फुटकी कौले तेवढी बदलायची. गावच्या कुंभाराचे नळ्यांचे गिऱ्हाईक मात्र तुटत गेले.

शहरांत दुरुस्तीत सरकारचा हात शिरला तो प्लेगमुळे. १८९६ मध्ये मुंबईत आणि त्यानंतर पुण्यात साथ पसरली, तेव्हा अधिकाऱ्यांनी घरांत ऊन-वारा जावा म्हणून कौले काढायला लावली, भुया खणल्या, भिंतींना सक्तीने चुना फासला. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या मुंबईतल्या घरांवर तशी अक्षरे रंगवली गेली. प्लेगचा उंदरांशी आणि पिसवांशी असलेला संबंध तेव्हा नीट माहीत नव्हता. ज्या भुईवर आणि चुलीवर घरच्या बाईशिवाय कोणी हात फिरवला नव्हता तिथे सोजिरांचे बूट पडले. पुण्यातल्या संतापामागे हेही एक कारण होते.

मुंबईच्या चाळींत पुढे प्रश्न उलटा झाला : दुरुस्ती करायची कोणी? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधली. भाडेकरूंना त्याने मोठा आधार दिला, पण वाढत्या खर्चात मालकांनी डागडुजीकडे पाठ फिरवली. मालक दुरुस्ती करीत नसेल तर नोटीस देऊन भाडेकरूने ती करावी आणि खर्च ठरावीक मर्यादेत भाड्यातून वळता करावा, अशी सोय कायद्यात होती. खोलीतला पोटमाळा, मोरीची फरशी, खिडकीचे तावदान ही कामे भाडेकरू स्वतः करून घेत. सडलेल्या तुळया आणि गळकी गच्ची मात्र कोणा एकाच्या आवाक्यातली नव्हती. इमारती कोसळू लागल्यावर १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले आणि जुन्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर बसला. १९७७ नंतर हे काम म्हाडाकडे गेले.

गावांत तोवर पत्रा आणि सिमेंट पोहोचले होते. नागमोडी पत्र्याचे पेटंट लंडनमध्ये १८२९ साली घेतले गेले. स्वस्त होत होत तो विसाव्या शतकात मराठवाड्याच्या आणि खानदेशाच्या वस्त्यांपर्यंत आला. दरवर्षी माती चढवण्यातून सुटका झाली, उन्हाळ्यात घर तापू लागले. सिमेंटने सारवणाची जागा घेतली आणि बायकांच्या कमरेला खरी विश्रांती दिली. ही गोष्ट जुन्या घरांचे कौतुक करताना विसरता कामा नये. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मात्र फसवा निघाला. ओल आत कोंडते, आतली माती सुटते आणि बाहेरून धड दिसणारा गिलावा एक दिवस पत्र्यासारखा निघून येतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे उद्ध्वस्त केली. भूकंपाची तीव्रता ६.२ इतकी होती. सुमारे ८ हजार माणसे गेली. मोठी मोडतोड दगड-मातीच्या घरांत झाली. दोन दगडी अंगे आणि मध्ये दगडगोट्यांची भर अशा रुंद भिंती फाकल्या आणि वर्षानुवर्षे माती चढलेली, काही ठिकाणी दोन फुटांहून जाड झालेली माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्याखेरीज दीड लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचा कार्यक्रम सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने हाती घेतला. त्यात घरमालकाला पैसे आणि साहित्य देऊन काम त्याच्या देखरेखीखाली करून घ्यायचे ठरले. महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून घरोघर गेल्या. माळवदाची माती उतरवून थर कमी करणे, भिंतीची दोन अंगे जोडणारे लांब दगड बसवणे, खिडक्या-दारांच्या वर सलग काँक्रीटचा पट्टा घालणे, या गोष्टी त्यांनी लोकांना समजावल्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या दुरुस्तीतली चूक घरच्याच लोकांनी सुधारण्याचा एवढा मोठा प्रयत्न महाराष्ट्रात पहिल्यांदाच झाला.

कोकणात जुनी रीत सगळ्यात जास्त टिकली, पण तिलाही माणसांची आणि मालाची वाण पडत गेली. पाख्यावर चढणारे हात मुंबई-पुण्यात स्थिरावले. मंगळुराकडचे बरेच कौल कारखाने बंद झाले. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकले, तेव्हा मृग चार दिवसांवर होता. रायगडच्या किनाऱ्यावर आणि दापोली-मंडणगडात हजारो घरांची कौले आणि पत्रे उडाले. टाळेबंदीमुळे बाजार बंद, कौले मिळेनात, पत्र्यांचे भाव चढले. लोकांनी ताडपत्र्या बांधून पहिले पाऊस काढले. ज्यांच्या अंगणात मोडलेल्या मांगराची किंवा जुन्या घराची कौले रचून ठेवलेली होती आणि ज्यांच्या घरात ती चढवता येणारे एखादे म्हातारे माणूस होते, त्यांची छपरे आधी उभी राहिली. शेजाऱ्यांनी त्या जाणकारांना एका घरावरून दुसऱ्या घरावर नेले. त्यांच्या मदतीला मुंबईहून टाळेबंदीत परतलेली तरुण मुले होती, आणि त्यांतल्या कित्येकांनी पाख्यावर पाय ठेवण्याची ती पहिलीच वेळ होती.